मेंदूतला जागल्या

आपल्याकडे कुणाला पक्षाघात झाला की जुनी माणसं म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ भाषा म्हणून मला हा वाक्प्रयोग आवडतो. वारं दिसत नाही, कुठून आलं ते कळत नाही, आणि जाताना अर्धं अंग लुळं करून जातं. पण या शब्दांत दोन अडचणी आहेत. एक, त्यात मेंदूचं नावच नाही. जे काही झालं ते ‘अंगावर’ झालं. दुसरी अडचण जास्त मोठी. वारं येतं आणि जातं. म्हणजे घटना घडली आणि संपली, आता उरलं ते फक्त नुकसान. मेंदूच्या आत मात्र तसं नसतं. तिथे त्या क्षणापासून एक काम सुरू होतं आणि ते कित्येक आठवडे, कधी कधी महिनोन्‌महिने चालतं. ते काम कोण करतं आणि आता ते चित्रांत कसं दिसू लागलं आहे, याबद्दल आज लिहायचं आहे. विषय विज्ञानाचा आहे, पण माझं म्हणणं रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या माणसांसाठी आहे.

डॉक्टर आपल्याला पहिल्या तासांबद्दल सांगतात, आणि ते अगदी योग्य आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. निवडक रुग्णांत नळी घालून गुठळी ओढून काढता येते, त्याला थोडा जास्त वेळ मिळतो. सीटी स्कॅन सांगतो की रक्तस्राव आहे की नाही. एमआरआय सांगतो की कुठला भाग गेला. पण ही चित्रं म्हणजे पुराच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येणाऱ्या फोटोसारखी असतात. पाणी कुठवर आलं होतं ते कळतं. गाळ कोण उपसतंय, पडलेल्या भिंतींचं काय करतायत, हे त्यात दिसत नाही.

गाळ उपसणाऱ्यांची पहिली ओळख शंभर वर्षांपूर्वीची आहे. १९१९ साली स्पेनमध्ये, माद्रिदला, पिओ देल रिओ-ओर्तेगा या शास्त्रज्ञाने चांदीच्या क्षाराने मेंदूच्या चकत्या रंगवल्या आणि चेतापेशींच्या गर्दीत एक वेगळीच जात ओळखली. छोटं शरीर आणि भोवती काटेरी झुडपासारख्या बारीक फांद्या. त्याने त्यांना ‘मायक्रोग्लिया’ म्हटलं. इजा झालेल्या मेंदूत याच पेशी फांद्या आखडून गोल होतात आणि मेलेल्या पेशींचे तुकडे गिळतात, हेही त्याने टिपलं. सगळं सूक्ष्मदर्शकातून पाहून. पण तो पाहत होता त्या चकत्या मेलेल्या मेंदूच्या होत्या. मेलेल्या गावात फिरून तिथली माणसं काय करत होती याचा अंदाज बांधावा, तसं ते काम. अंदाज पुष्कळसा बरोबर निघाला, पण अंदाजच.

त्यानंतर जवळजवळ पंच्याऐंशी वर्षं पुस्तकांत असं लिहिलं जाई की निरोगी मेंदूत या पेशी ‘विश्रांती’ घेत असतात आणि संकट आलं की जाग्या होतात.

२००५ साली हे चित्र बदललं. जर्मनीत हायडेलबर्गच्या मॅक्स प्लांक संस्थेत अक्सेल निमेरयान आणि त्यांचे सहकारी, आणि त्याच वर्षी अमेरिकेत न्यूयॉर्कमधला एक गट, यांनी जिवंत उंदराच्या मेंदूत या पेशी काम करताना पाहिल्या. युक्ती अशी. जेलीफिशमध्ये हिरवं चमकणारं एक प्रथिन असतं. त्याचं जनुक उंदरात अशा ठिकाणी घातलं की त्याच्या मेंदूतल्या फक्त मायक्रोग्लिया हिरव्या चमकाव्यात. (या प्रथिनावरच्या कामाला २००८ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) कवटीचं हाड घासून पातळ केलं आणि वरून विशिष्ट लेसरचा प्रकाश सोडला, जो उतीत खोलवर जातो पण तिला फारसा भाजत नाही. आणि मग मिनिटामिनिटाला चित्रं घेतली.

काय दिसलं? ‘विश्रांती’ घेणाऱ्या पेशी क्षणभरही स्वस्थ नव्हत्या. पेशीचं शरीर जागच्या जागी, पण फांद्या सतत पुढे येतायत, चाचपतायत, मागे जातायत. शेजारची पेशी तिच्या हद्दीत तेच करतेय. संशोधकांनी हिशेब मांडला की काही तासांत मेंदूचा सगळा परिसर एकदा तपासून होतो. मग त्यांनी लेसरने एक केसासारखी बारीक रक्तवाहिनी जखमी केली. काही मिनिटांतच आजूबाजूच्या मायक्रोग्लियांच्या फांद्या तिकडे वळल्या आणि जखमेभोवती कडं करून उभ्या राहिल्या.

हे वाचल्यावर मला जुन्या गावगाड्यातला जागल्या आठवला. गाव झोपलेलं असताना हातात काठी घेऊन फिरणारा, दारं लागलीयत का बघणारा, कुठे आग दिसली की आधी स्वतः धावणारा आणि मग हाळी देणारा. जागल्या म्हणजे शिपाई नव्हे. लढाई हे त्याचं रोजचं काम नाही. गावाची खबर ठेवणं हे त्याचं काम.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. आयुष्यभर भाषा शिकवणाऱ्या माणसाला शब्दांची खोड असते, तेव्हा जरा सहन करा. आपण या पेशींबद्दल बोलताना सगळे शब्द लष्करातले वापरतो. ‘प्रतिकारशक्ती’, ‘हल्ला’, ‘संरक्षण’, आणि पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे ‘सैनिक’. जंतू शरीरात शिरतात तेव्हा ही उपमा ठीक चालते, मुलांना पटकन समजते. पण पक्षाघातात बाहेरून कुणी आलेलंच नसतं. गुठळी आपल्याच रक्ताची, मेलेल्या पेशी आपल्याच. मग सैनिक कुणाशी लढतायत? शत्रू नसलेल्या ठिकाणी सैनिक उतरले असं म्हटलं की दोनच निष्कर्ष निघतात. एक तर ते वेडे झालेत, किंवा ते आपल्यावरच उलटलेत. म्हणजे त्यांना रोखा.

नेमका हाच विचार औषधांच्या शोधातही बरीच वर्षं होता, आणि तो अगदी निराधार नव्हता. पक्षाघातानंतर काही तासांत रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी मेंदूच्या रक्तवाहिन्यांना चिकटतात आणि आत शिरतात. प्राण्यांमध्ये त्यांना रोखलं तर काही प्रयोगांत नुकसान कमी झालं. म्हणून त्यांचं चिकटणं थांबवणारं ‘एन्लिमोमॅब’ नावाचं प्रतिपिंड ६२५ रुग्णांवर तपासलं गेलं. निकाल २००१ साली प्रसिद्ध झाला. औषध मिळालेल्या गटात २२.२ टक्के रुग्ण दगावले, न मिळालेल्या गटात १६.२ टक्के. म्हणजे औषधाने अपाय झाला. याचं एक स्पष्टीकरण असं की ते प्रतिपिंड उंदराचं होतं आणि माणसाच्या शरीराने त्यालाच परकं मानून उलट दाह वाढवला. बरं, तेही मान्य करू. पुढे माणसाला चालेलसं बनवलेलं ‘नॅटालिझुमॅब’ तपासलं गेलं. दुसऱ्या एका आजारात हे औषध पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरण्यापासून रोखतं. पक्षाघातात २०१७ साली १६१ रुग्णांच्या चाचणीत नुकसानीचा भाग वाढायचा थांबला नाही, आणि २०२० साली २७७ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीतही रुग्णांच्या स्थितीत फायदा दिसला नाही.

मग घरच्या जागल्यालाच हटवलं तर? बुडापेस्टच्या एका गटाने २०१६ साली उंदरांवर तेच केलं. औषध देऊन आधी मायक्रोग्लिया जवळजवळ नाहीशा केल्या आणि मग पक्षाघात घडवला. नुकसान कमी न होता वाढलं. आणि जिवंत मेंदूची चित्रं घेतली तेव्हा दिसलं की जागल्या नसताना चेतापेशींमधली कॅल्शियमची चढउतारच बिघडते. म्हणजे संकटाच्या पहिल्या घटकेला या पेशी चेतापेशींना सावरून धरत होत्या.

याचा अर्थ त्या संत आहेत असा मुळीच नाही. दुसऱ्या काही प्रयोगांत, गिळण्याच्या कामाला लागणारं विशिष्ट प्रथिन नसलेल्या प्राण्यांत मेंदूची नंतरची झीज कमी झाली. म्हणजे सफाई करणारे हात घाईत जिवंत पण दमलेल्या चेतापेशीही उचलून नेत असावेत. पूर ओसरल्यावर घर साफ करताना चिखलाबरोबर ओले झालेले पण वाळवता आले असते असे कागदही फेकले जातात, त्यातलाच प्रकार. पण तेवढ्यासाठी कुणी ‘साफसफाईच नको’ म्हणत नाही. कागद कुठले, आणि फेकले कधी, एवढंच आपण विचारतो.

‘कुठे’ आणि ‘केव्हा’. मला वाटतं, मेंदूतल्या या पेशींची चित्रं काढण्याच्या सगळ्या खटाटोपाचं सार या दोन शब्दांत आहे. ‘मित्र की शत्रू’ हा प्रश्नच चुकीचा आहे. तीच पेशी पहिल्या दिवशी एक काम करते, दहाव्या दिवशी दुसरं आणि तिसाव्या दिवशी तिसरंच. आणि हे कळायला एकच उपाय, म्हणजे पुन्हा पुन्हा पाहणं.

उंदराची कवटी घासता येते, माणसाची नाही. मग माणसात हे कसं पाहायचं? इथे ‘पेट स्कॅन’ कामाला येतो. घरात कुणाला कर्करोग झाला असेल तर हा शब्द तुमच्या कानावरून गेला असेल. त्यात किरणोत्सारी साखर टोचतात आणि ती जिथे जास्त वापरली जाते तो भाग उजळतो. मायक्रोग्लियासाठी साखर चालत नाही. त्यासाठी ‘पीके ११९५’ नावाचा एक रेणू वापरतात. तो पेशीतल्या एका प्रथिनाला चिकटतो, जे उत्तेजित मायक्रोग्लियांत वाढतं असं उंदरांत दिसलं होतं. त्या रेणूला किरणोत्सारी कार्बनचा अणू जोडायचा. त्या कार्बनचं आयुष्य इतकं तोकडं की दर २० मिनिटांत निम्मा संपतो. म्हणजे तो बनवणारं सायक्लोट्रॉन यंत्र रुग्णालयाच्या आवारातच हवं. दुसऱ्या गावाहून मागवण्याची ही वस्तू नव्हे.

केंब्रिजमध्ये अशा पद्धतीने पक्षाघाताच्या रुग्णांचे स्कॅन केले गेले आणि निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. रुग्ण होते अवघे चार, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. पहिल्या ७२ तासांत उजेड फारसा नव्हता. त्यानंतर तो वाढत गेला, आणि तिसाव्या दिवसापर्यंत दिसत होता. मेलेल्या भागात, त्याच्या कडेने, आणि आश्चर्य म्हणजे मेंदूच्या दुसऱ्या, न बिघडलेल्या बाजूलाही! पुढे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात मेंदूतून हातापायांकडे हुकूम नेणाऱ्या तंतूंच्या मार्गावर हे पाहिलं गेलं. तिथे हा उजेड त्या मार्गाने खाली, मेंदूच्या देठापर्यंत दिसला. तिथला रक्तपुरवठा तर कधीच तुटला नव्हता. मुख्य जलवाहिनी शहरात फुटावी आणि तिच्या दुरुस्तीची माणसं दहा मैलांवरच्या वस्तीत खोदकाम करताना दिसावीत, तसं हे.

आता तारखा जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. जी औषधं चालली नाहीत ती पहिल्या दिवसातच सुरू केली होती, आणि रुग्णांच्या मेंदूत हा उजेड तिसऱ्या दिवसानंतर वाढतो आणि महिनाभर राहतो. म्हणून ती औषधं फसली असं मी म्हणत नाही, कारण ती बाहेरून येणाऱ्या पेशींसाठी होती आणि त्या आधी येतात. पण एवढं तरी म्हणता येतं की आत काय चाललंय याचं वेळापत्रक हातात नसताना, आत शिरून काही थांबवायला जाणं हा जुगार असतो.

चित्रांवर भाळूनही चालणार नाही. वारीच्या दिवसांत रात्री दिवे घाटाच्या माथ्यावरून खाली पाहिलं तर उजेड दिसतो, माणसं दिसत नाहीत. उजेड वाढला म्हणजे माणसं वाढली, की आहेत त्याच माणसांनी दोन-दोन दिवे हातात घेतले, हे वरून सांगता येत नाही. पेट स्कॅनचं नेमकं हेच होतं. एका मायक्रोग्लियाचं शरीर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढं, आणि पेट स्कॅनला दिसणारा लहानात लहान ठिपका काही मिलिमीटरचा. एका ठिपक्यात हजारो पेशी. शिवाय ज्या प्रथिनाला तो रेणू चिकटतो ते प्रथिन मेंदूतल्या इतर काही पेशींतही असतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पक्षाघातात नव्हे तर मेंदूच्या झिजेच्या इतर आजारांत, असं दिसलं की उंदराच्या उत्तेजित मायक्रोग्लियांत हे प्रथिन वाढतं, माणसाच्या मायक्रोग्लियांत तसं वाढत नाही. म्हणजे माणसातला उजेड हा बहुधा पेशींची संख्या सांगतो, त्यांचा ‘मूड’ नाही. चित्र खोटं नाही, पण त्याच्याखाली आपण लिहिलेली ओळ कदाचित खोटी असते. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

आणखी दोन निरीक्षणं सांगून मुद्द्यावर येते.

पहिलं बॉस्टनच्या एका गटाचं, २०१८ सालचं. बाहेरून येणाऱ्या पांढऱ्या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात आणि रक्तातून मेंदूत जातात असं मानलं जाई. या मंडळींनी उंदराच्या कवटीच्या हाडातल्या पेशींना एक रंग दिला आणि पायाच्या हाडातल्या पेशींना दुसरा. पक्षाघातानंतर मेंदूत सापडलेल्या पेशींत कवटीच्या रंगाच्या जास्त होत्या. शोध घेतला तेव्हा कवटीच्या हाडातून मेंदूच्या आवरणाकडे उतरणाऱ्या अतिसूक्ष्म वाटा सापडल्या. माणसाच्या कवटीतही तशा वाटा दिसल्या. इतकी वर्षं ज्याला आपण नुसती पेटी समजत होतो, ती पेटीच आतल्या ऐवजासाठी माणसं पाठवत होती.

दुसरं बर्लिनचं, २००३ सालचं, आणि उशाशी बसणाऱ्यांसाठी ते जास्त महत्त्वाचं. पक्षाघात घडवलेल्या उंदरांत मेंदूबाहेरच्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती खाली गेली आणि तीन दिवसांच्या आत त्यांना फुप्फुसांचा जंतुसंसर्ग झाला. मेंदूत दाह, आणि बाकी शरीरात प्रतिकार दुबळा. दोन्ही एकाच वेळी! माणसांतही पक्षाघातानंतरचा न्यूमोनिया ही फार मोठी अडचण आहे. मग ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणारा आणि ‘दाह कमी करा’ म्हणणारा, दोघेही अर्धंच चित्र बघतायत असं नाही का होत?

आता मी म्हणत होते ते घरातल्या माणसांसाठीचं.

आपल्या भाषेत ‘सूज’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत. उतीत पाणी साठून ती फुगते ती सूज. आणि पांढऱ्या पेशींचं हे जे काम चालतं त्यालाही आपण सूजच म्हणतो. दुसऱ्यासाठी ‘दाह’ हा चांगला शब्द आहे, तो वापरायला हवा. कारण डॉक्टर म्हणतात, ‘मेंदूला सूज आहे,’ आणि घरचे समजतात की सूज म्हणजे सूज, गुडघ्याची उतरते तशी हीही उतरवता येईल. मग कुणी शेजारी एक गोळी सुचवतो, कुणी काढा पाठवतो, कुणी म्हणतो, ‘स्टेरॉइड का देत नाहीत?’ गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात सूज उतरवण्यासाठी सरसकट स्टेरॉइड देऊ नयेत, असंच वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. दाह सरसकट मारायची गोष्ट नाही, हे वरच्या सगळ्या कहाणीतून निघतंच. तेव्हा ‘मेंदूचा दाह घालवणारं’ म्हणून कुणी काही विकायला आलं, तर त्याला दोनच प्रश्न विचारावेत. कुठल्या पेशींचा? आणि कितव्या दिवशी? जगभरच्या प्रयोगशाळा या प्रश्नांशी झगडतायत. पाकिटावर त्याचं उत्तर छापलेलं असण्याची शक्यता कमी.

तसंच, या मायक्रोग्लियांच्या स्कॅनबद्दल कुठे वाचून ‘आमच्या वडिलांचाही करा’ असा आग्रह धरू नये. तो संशोधनासाठी आहे. रुग्णाला आज काय द्यायचं, हे त्यावरून ठरत नाही.

दुसरं, पाण्याचा घोट. कुणाला झटका आला की आपल्या घरात पहिली धाव पाण्याच्या तांब्याकडे जाते. माया असते ती. पण पक्षाघातात गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात, घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो, आणि शरीराचा प्रतिकार तर आधीच खाली आलेला. गिळता येतं की नाही हे तपासून होईपर्यंत तोंडाने पाणी नाही, चहा नाही, गोळीसुद्धा नाही. कुठल्याही महागड्या औषधाइतकंच हे मोलाचं आहे आणि याला पैसा पडत नाही.

तिसरं, आणि मला सगळ्यात जवळचं. आपल्याकडे आठवड्याभरात निकाल लावतात. घरी आणल्यावर पहिले आठ दिवस पाहुण्यांची रीघ, मग ‘जे व्हायचं ते झालं’ असं म्हणून माणसाला भिंतीकडच्या खाटेवर सोडून दिलं जातं. व्यायाम शिकवायला येणाऱ्याला महिन्याभरात नको म्हणतात. बोलता येत नाही म्हणून त्याच्याशी कुणी बोलतही नाही. माझा राग आहे तो या घाईवर. सुधारणा पहिल्या तीनेक महिन्यांत जास्त वेगाने होते आणि पुढेही संथपणे होत राहू शकते, हे रुग्णांना वर्षानुवर्षं पाहणाऱ्यांनी केव्हाच सांगितलेलं आहे. पेशींची ही चित्रं काही व्यायामाचा पुरावा नव्हेत, तसा दावा मी करणार नाही. पण निदान एक गोष्ट ती डोळ्यांना दाखवतात. तिसाव्या दिवशीसुद्धा आत दिवे लागलेले असतात. जिथे नुकसान झालं तिथे, आणि जिथे झालं नाही तिथेही. माणूस खाटेवर निपचित दिसतो म्हणून आतही सगळं निपचित आहे, असं नाही.

कुणी विचारेल, उंदरांच्या कवट्या घासून आणि करोडोंची यंत्रं लावून आपल्यासारख्यांना काय मिळालं? औषध तर अजून नाहीच. खरंय, अजून तरी या पेशींना वळण लावणारं असं एकही औषध पक्षाघाताच्या रोजच्या उपचारात आलेलं नाही. पण ६२५ माणसांवर औषध तपासताना आतलं वेळापत्रक दिसत नव्हतं; आता ते थोडंथोडं दिसायला लागलंय. पुढच्या चाचणीत कुणाला, कुठे, कितव्या दिवशी, हे विचारून औषध दिलं जाईल. मला हे लहान वाटत नाही. न बघता केलेल्या उपायाची किंमत रुग्ण मोजतो.

असो. ‘अंगावरून वारं गेलं’ हा वाक्प्रयोग टाकून द्या असं मी म्हणणार नाही. भाषेतून शब्द असे उपटून काढता येत नाहीत आणि काढूही नयेत. फक्त त्याला एक पुरवणी जोडावी. रस्त्यावर पाटी असते ना, ‘पुढे काम चालू आहे, वाहने सावकाश हाका’? तशी पाटी त्या खाटेशी मनातल्या मनात लावावी. काम करणारे दिसत नाहीत, त्यांना किती दिवस लागतील हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही, आणि अधूनमधून ते चुकतातही. पण काम चालू आहे. तोवर आपण घाई करू नये, आणि रस्ता सोडूनही जाऊ नये.